तिसऱ्या काट्याची गोष्ट : कॅलिफोर्नियाचे संकरित बास आणि परत सोडायचे मासे

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्या माणसाला अधूनमधून असा एक मासा लागतो की तो हातात धरून बोटीवरचे चौघे चार नावं सांगतात. अंगावर जाळीदार पांढुरके डाग असतात, म्हणून तो केल्प बास वाटतो. पण डागांखालून आडव्या अंगाला उभे काळपट पट्टे डोकावतात, म्हणून कुणी त्याला बार्ड सँड बास ठरवतं. वाद पाठीवरच्या काट्यापर्यंत जातो आणि काटाही धड इकडचा नसतो की तिकडचा. हा मासा कोण, आणि तो ठेवायचा की सोडायचा, हे दोन प्रश्न तिथे नेहमी एकत्र विचारले जातात. त्यांचा इतिहास मात्र वेगवेगळा आहे, आणि तो माहीत असला की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यासाठी अडून राहत नाही.

आधी नावांचा गुंता सोडवू. ‘बास’ हे एका कुळाचं नाव नाही. आपला जिताडा इंग्रजी बाजारात ‘एशियन सी बास’ म्हणून विकला जातो, पण या माशांशी त्याचं जवळचं नातं नाही. कॅलिफोर्नियाचा ‘व्हाइट सी बास’ तर बासच नव्हे. तो आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. इथे ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ते तिघे पॅरालॅब्रॅक्स या प्रजातीतले : केल्प बास, बार्ड सँड बास आणि स्पॉटेड सँड बास. जुन्या वर्गीकरणात आपला गोबराही यांच्याच कुळात धरला जायचा. त्यामुळे रुंद तोंड, दणकट अंग आणि काटेरी पाठ पाहून मराठी माणसाला गोबऱ्याची आठवण आली तर ती चुकीची नाही.

पहिल्या दोघांना शास्त्रीय नाव मिळालं १८५४ साली. मूळचे फ्रेंच आणि अमेरिकेत काम करणारे चार्ल्स जिरार्ड यांनी दोघांचंही वर्णन त्याच वर्षी केलं. केल्प बासला त्यांनी ‘क्लॅथ्रेटस’, म्हणजे जाळीदार, म्हटलं आणि सँड बासला ‘नेब्युलिफर’, म्हणजे ढग अंगावर वागवणारा. स्पॉटेड सँड बासचं वर्णन १८६८ साली ऑस्ट्रियाच्या श्टाइनडाखनर यांनी केलं; ‘मॅक्युलॅटोफॅसिएटस’ या लांबलचक नावात ठिपकेही आहेत आणि पट्टेही. मच्छीमार मात्र केल्प बासला ‘कॅलिको’ म्हणतात. कॅलिको हे सुती कापड, त्याचं नाव आपल्या कालिकत बंदरावरून पडलेलं. कापडाच्या गाठोड्याबरोबर निघालेला मलबारचा शब्द पॅसिफिकच्या दुसऱ्या काठावर एका माशाच्या अंगावर जाऊन बसला, हे मला फार सुंदर वाटतं.

तिघांच्या जागा ठरलेल्या आहेत. केल्प बास खडकांत आणि केल्पच्या, म्हणजे समुद्रातल्या उंच शेवाळाच्या, रानात राहतो. बार्ड सँड बासला खडकाच्या कडेची वाळू आणि मोकळे सपाट तळ आवडतात. स्पॉटेड सँड बास सॅन डिएगो आणि न्यूपोर्टसारख्या आखातांत, समुद्री गवतात असतो. ओळखायची सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे पाठीवरच्या पराचा तिसरा काटा. केल्प बासमध्ये तिसरा, चौथा आणि पाचवा काटा साधारण एका उंचीचे असतात. दोन्ही सँड बासमध्ये तिसरा काटा बाकीच्यांच्या वर ठळक उठून दिसतो. मग त्या दोघांत फरक करायचा तर बार्डच्या गालावर, डोळ्यांभोवती बारीक सोनेरी ठिपके असतात. स्पॉटेडच्या अंगभर आणि परांवरही काळे ठिपके पसरलेले असतात.

नुसत्या रंगावर जाऊ नये, याला कारण आहे. अंडी घालायच्या दिवसांत केल्प बासच्या नराचं तोंड आणि हनुवटी नारिंगी-पिवळी होते. ते पाहून ‘हा काहीतरी वेगळाच’ असं वाटतं, पण तो शुद्ध केल्प बासच असतो. खोलीवरून वर आलेला किंवा टाकीत घाबरून पडलेला मासाही रंग बदलतो. म्हणून ‘संकरित’ ठरवलेल्यांपैकी कितीतरी मासे संकरित नसतात.

पण काही खरंच असतात. केल्प बास आणि बार्ड सँड बास दोघेही उन्हाळ्यात अंडी घालतात, आणि दोघेही अंडी आणि रेत उघड्या पाण्यात सोडतात. घरटं नाही, जोडी टिकवणं नाही. वेळ आणि जागा जुळली की मिसळण होऊ शकते. अशा माशांच्या जनुकांची तपासणी करणारा अभ्यास अलीकडच्या काळात प्रसिद्ध झाला आणि बोटीवरचा जुना तर्क खरा ठरला : या दोन जातींचा संकर निसर्गात होतो. अशा तपासणीची रीत साधी आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, केंद्रकातला दोघांकडून. दोन्ही वाचले की संकर आहे का हे कळतं आणि आई कोणत्या जातीची हेही कळतं. नुसत्या डोळ्यांनी पाहून यातली दुसरी गोष्ट मुळीच सांगता येत नाही, आणि पहिलीही फक्त अंदाजाने.

आता दुसरा प्रश्न. सोडायचं काय, याची कथा या शोधाच्या खूप आधी सुरू होते, आणि तिथे जातीचा मुद्दा जवळजवळ नाहीच. १९५३ साली कॅलिफोर्नियाने केल्प बास आणि सँड बास यांची व्यापारी मासेमारी बंद केली. हे मासे हौशी गळवाल्यांसाठी राखले गेले. त्याच दशकात किमान लांबी वाढत वाढत १२ इंचांवर आली आणि माणशी रोज १० मासे ही मर्यादा पुढे अनेक वर्षं टिकली. त्या काळाचा विचार करता हा शहाणा नियम होता. केल्प बास ३० वर्षांहून जास्त जगतो, बार्ड सँड बास २०हून जास्त. दोघंही साधारण २२ ते २४ सेंटिमीटर, म्हणजे नऊ-साडेनऊ इंचांचे झाले की निम्मे तरी प्रौढ झालेले असतात. १२ इंच म्हणजे एखादी-दुसरी विण नक्की होऊन गेलेली.

चूक लांबीच्या आकड्यात नव्हती, उन्हाळ्यात होती. बार्ड सँड बास जून ते ऑगस्टमध्ये अंडी घालायला वाळूच्या मोजक्या पट्ट्यांवर थव्यांनी गोळा होतात. हंटिंग्टन फ्लॅट्स हा त्यांतला सगळ्यांत नावाजलेला पट्टा. माणसांनी भरलेल्या भाड्याच्या बोटी नेमक्या त्याच महिन्यांत, नेमक्या तिथेच जायच्या. या जातीचा १३ पौंड ३ औंसांचा विक्रमी मासाही १९८८च्या ऑगस्टमध्ये हंटिंग्टन बीचलाच लागला. आपल्याकडे जूनमध्ये होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी दर्यात जात नाही, आणि गाबोळीने भरलेल्या मासळीला तेवढी उसंत मिळते. तिथे पॅसिफिक शांत असतो, शाळांना सुटी असते, आणि गाबोळीचा हंगाम हाच मासेमारीचा हंगाम ठरला.

तरीही कुणाला धोका जाणवला नाही. २०११ साली ब्रॅड एरिसमन, लॅरी ॲलन या मत्स्यशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं की समुद्रातले एकूण मासे कमी होत असतानाही माणशी पकड चांगलीच दिसत राहते, कारण उरलेले मासे त्याच पट्ट्यावर, तसेच दाटीने जमतात. गावातली माणसं कमी झाली, तरी उरलेली बाजाराच्या दिवशी त्याच चौकात गर्दी करतात. गर्दी मोजणाऱ्याला बाजार भरलेलाच दिसतो. बोटीच्या नोंदींतून जे समाधान मिळत होतं ते फसवं होतं. पाण्याच्या तापमानाचे दीर्घ फेरेही नव्या पिल्लांच्या संख्येवर परिणाम करतात, त्यामुळे सगळा दोष गळावर घालता येत नाही. पण गळावर आपला हात असतो, तापमानावर नसतो.

मग १ मार्च २०१३पासून नियम बदलला. किमान लांबी १४ इंच झाली आणि रोजची मर्यादा ५ मासे. शेपूट झिजली असेल तर दुसरं मापही दिलं : पाठीवरच्या पहिल्या काट्याच्या मुळापासून शेपटीच्या टोकापर्यंत १० इंच. आणि महत्त्वाचं म्हणजे ही मर्यादा तिन्ही जातींची मिळून होती. वाद घालणाऱ्या चौघांसाठी यात उत्तर आहे. त्या नियमाखाली मासा केल्प म्हटला, सँड म्हटला किंवा संकरित म्हटला, तरी पाचांतलाच एक आणि माप १४ इंचच. पुढे एखाद्या जातीसाठी वेगळी मर्यादा किंवा वेगळे महिने ठरले, तर मात्र तिसरा काटा मोजावा लागतो. आणि तो धड कळत नसेल तर जी मर्यादा जास्त कडक तिच्यात तो मासा धरावा, किंवा सरळ सोडावा.

मापात बसणारा प्रत्येक मासा ठेवलाच पाहिजे असं कोणताही नियम सांगत नाही. केल्प बासबद्दल मला हे विशेष वाटतं. मोठी मादी म्हणजे अनेक वर्षं तगलेली मादी, आणि तिच्या पोटात लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी. खूण लावून सोडलेले बरेच केल्प बास पुन्हा त्याच खडकापाशी सापडले आहेत. म्हणजे एका खडकावरचे मोठे मासे संपवले की ती जागा लवकर भरत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात आज पुष्कळ गळवाले कॅलिको धरतात, फोटो काढतात आणि सोडतात. खाण्यासाठी १५-१६ इंचांचा एखादा पुरतो.

सोडणं म्हणजे पाण्यात टाकणं नव्हे. खोल वाळूवरून झपाट्याने वर आणलेल्या सँड बासचं वाताशय, ज्याला आपले कोळी बोत म्हणतात, फुगतं. असा मासा पोट वर करून तरंगतो आणि समुद्रसिंह त्याची वाटच पाहत असतात. म्हणून वजन लावलेल्या चिमट्याने त्याचा जबडा धरून त्याला पुन्हा तळाकडे नेतात. दाब वाढला की हवा आकसते आणि मासा आपसूक निसटतो. पोटात सुई खुपसून हवा काढण्यापेक्षा हे बरं, कारण नवख्या हाताची सुई आतड्यात जाते. उथळ केल्पमधल्या माशाला याची गरज पडत नाही. ओल्या हाताने धरावा, गळ पटकन काढावा, पाण्यात तोंड पुढे करून सोडावा.

महाराष्ट्रातही २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून देण्यात आले. आपल्या जाळ्यात एकाच वेळी वीस जातींची मासळी येते, त्यामुळे इथे ओळख आधी आणि पट्टी नंतर. कॅलिफोर्नियाच्या गळवाल्याला ती सवलत आहे की मासा एकेक येतो, जिवंत येतो. त्याने आधी लांबी पाहावी, मग महिना, मग खोली. तिसरा काटा त्याला निवांत पाहता येतो, मासा पाण्यात परत गेल्यावर, फोटोत.