हॉस्पिटल कॉर्प्समन : जहाजावरील पहिली नेमणूक

अमेरिकेच्या नौदलात रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेतलेल्या, परंतु डॉक्टर वा परिचारिका नसलेल्या नौसैनिकास ‘हॉस्पिटल कॉर्प्समन’ म्हणतात. स्पॅनिश-अमेरिकन युद्ध चालू असताना १७ जून १८९८ रोजी झालेल्या कायद्याने या दलाची स्थापना झाली, तर आजचे पदनाम १९४८ पासून रूढ आहे. त्याआधी याच कामाच्या नौसैनिकाला ‘फार्मासिस्ट्स मेट’ म्हणत. पूर्वी त्याचे मूलभूत प्रशिक्षण इलिनॉय राज्यातील ग्रेट लेक्स येथे होत असे. २०११ पासून ते टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे तिन्ही सैन्यदलांच्या एकत्रित केंद्रात होते. प्रशिक्षण संपल्यावर काहींना नौदलाच्या रुग्णालयात, काहींना मरीन (नौदलाच्या जोडीने लढणाऱ्या सैन्यदलाच्या) तुकडीत, तर काहींना थेट जहाजावर पाठवतात. प्रस्तुत नोंद या तिसऱ्या प्रकारच्या नेमणुकीविषयी, आणि अशा नवख्या सहायकाने पहिल्या सफरीत काय शिकावे व काय टाळावे याविषयी आहे.

जहाज कोणते यावर कामाचे स्वरूप बरेच अवलंबून असते. सुमारे पाच हजार माणसे असलेल्या विमानवाहू जहाजावर शल्यविशारद, शस्त्रक्रियागृह, दंतवैद्य आणि मानसोपचाराची सोय असते, त्यामुळे तेथील कनिष्ठ सहायकाला मोठ्या विभागातील एका ठरावीक कामापासून सुरुवात करता येते. आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेवर मात्र माणसे सुमारे तीनशे असतात आणि डॉक्टर सहसा नसतो. तेथे वैद्यकीय विभागाचा प्रमुख म्हणजे ‘इंडिपेंडंट ड्यूटी कॉर्प्समन’, अर्थात सुमारे वर्षभराचे जादा प्रशिक्षण घेतलेला अनुभवी सहायक असतो आणि त्याच्या हाताखाली दोनतीन कनिष्ठ असतात. शिकण्याच्या दृष्टीने ही दुसरी नेमणूक अधिक मोलाची मानावी लागेल. कारण तेथे प्रत्येक काम कनिष्ठाच्या हातून जाते आणि वरिष्ठाचा विचार कसा चालतो हे त्याला रोज जवळून पाहायला मिळते.

जहाजावर पाऊल ठेवताच नवख्याचा ओढा सिक-बेकडे, म्हणजे जहाजावरील दवाखान्याकडे असतो. पण पहिले काही आठवडे त्याने जहाज पायाखाली घालण्यात घालवावेत. १९६७ मध्ये फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर लागलेल्या आगीत १३४ माणसे गेली, आणि आग विझवण्याचे व गळती रोखण्याचे ज्ञान कोणा एका पथकापुरते ठेवून चालत नाही हे नौदलाला मोठी किंमत मोजून कळले. वैद्यकीय सहायकही त्याला अपवाद नाही. त्याखेरीज जहाजावर पुढच्या व मागच्या भागांत ‘बॅटल ड्रेसिंग स्टेशन’ म्हणून ओळखली जाणारी उपचारस्थाने असतात, म्हणजे एका बाजूला स्फोट झाला तरी दुसरीकडे जखमींवर उपचार सुरू राहू शकतात. तेथील प्रत्येक वस्तूची जागा, मार्गिकांमधील प्रथमोपचार पेट्या, स्ट्रेचर कोठे टांगलेले आहेत आणि कोणत्या शिडीवरून माणूस बांधलेले स्ट्रेचर वर चढू शकते, हे दिवे गेले असतानाही हाताला सापडले पाहिजे. अरुंद, उभ्या शिडीवरून जखमीला नेण्याचा सराव वाचून होत नाही. तो चारपाच जणांनी मिळून वारंवार करावा लागतो.

हा सराव फक्त वैद्यकीय विभागाने केला तर अपुरा पडतो. १२ ऑक्टोबर २००० रोजी येमेनमधील एडन बंदरात कोल या विनाशिकेच्या बाजूला येऊन स्फोटकांनी भरलेल्या होडीचा स्फोट करण्यात आला. जेवणाच्या वेळी भटारखान्याच्या परिसराला भगदाड पडले, १७ नौसैनिक मृत्यू पावले आणि जवळपास चाळीस जखमी झाले. इतके जखमी एकाच वेळी समोर आल्यावर दोनतीन वैद्यकीय माणसांचे हात पुरणे अशक्यच असते. रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि जखमींना हलवणे ही कामे इतर खलाशांनाच करावी लागतात. म्हणून खलाशांना प्रथमोपचार शिकवणे हे कनिष्ठ सहायकाचे दुय्यम काम नव्हे. टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा, बांधायला त्याने ज्यांना शिकवले, तेच पुढे त्याचे सहकारी ठरतात.

रोजच्या कामाचा सर्वांत मोठा भाग रोग होऊ न देण्याचा आहे, आणि नवखे नेमके यालाच कंटाळतात. जहाजावर समुद्राचे पाणी गोडे करून टाक्यांत साठवले जाते. त्यातील क्लोरीन किंवा ब्रोमीनचे प्रमाण रोज मोजावे लागते आणि जंतूंसाठी ठरावीक काळाने नमुने तपासावे लागतात. भटारखान्यात थंड पदार्थ सुमारे ५ अंश सेल्सियसखाली आणि गरम पदार्थ सुमारे ५७ अंशांवर ठेवलेले आहेत की नाहीत, स्वयंपाक्यांच्या हातांवर जखमा आहेत का, भांडी धुण्याचे पाणी पुरेसे गरम आहे का, हे पाहणे वैद्यकीय विभागाकडे असते. यंत्रकक्ष, धुलाईघर आणि भटारखाना येथे उष्णता वाढली की तापमापकाबरोबर आर्द्रता व उत्सर्जित उष्णता लक्षात घेणारे मोजमाप करून माणसाने तेथे किती वेळ थांबावे हे ठरवतात. याशिवाय लसीकरणाच्या नोंदी, वार्षिक आरोग्यतपासणी, श्रवणचाचण्या आणि दातांची स्थिती यांचा हिशेब सांभाळावा लागतो. सफरीवर निघण्यापूर्वी किती माणसे वैद्यकीयदृष्ट्या सज्ज आहेत हे कप्तानाला त्यावरूनच कळते.

या कामांचे वजन माहीत नसेल तर २०२० च्या मार्चमध्ये थिओडोर रूझवेल्ट या विमानवाहू जहाजावर काय झाले ते पाहावे. एकावर एक बसवलेल्या झोपण्याच्या फळ्या, सामाईक स्नानगृहे आणि जेवणाच्या रांगा यांमुळे कोविडचा संसर्ग हजाराहून अधिक खलाशांना झाला, एकाचा मृत्यू झाला आणि जहाजाला ग्वाम बेटावर थांबून राहावे लागले. पोट बिघडवणारा साधा विषाणूही याच वाटांनी पसरतो. दोन खलाशी एकाच सकाळी जुलाबाची तक्रार घेऊन आले, तर ते कोठे जेवले आणि कोणत्या कक्षात झोपतात हे विचारण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी.

रोज ठरलेल्या वेळी रुग्ण तपासले जातात, त्याला ‘सिक कॉल’ म्हणतात. कनिष्ठाने रुग्णाचे म्हणणे, स्वतः केलेली तपासणी, त्यावरून वाटणारे निदान आणि पुढील उपाय या क्रमाने नोंद लिहायची असते आणि वरिष्ठाला ती दाखवायची असते. नाडी, रक्तदाब, तापमान व श्वसनाचा वेग प्रत्येक वेळी स्वतः मोजावा. मागच्या वेळचे आकडे उतरवून काढणे ही या पेशातील घातक सवय आहे. पाठदुखी, सर्दी आणि पायाचे फोड यांच्या रांगेत एखादा छातीत दुखणारा किंवा पोट ताठ झालेला रुग्ण येतो, आणि तो ओळखणे हीच सिक कॉलची खरी परीक्षा असते. शंका आली की वरिष्ठाला झोपेतून उठवावे. त्याबद्दल कोणताही चांगला वरिष्ठ रागावत नाही. न उठवल्याबद्दल मात्र रागावतो, आणि ते योग्यच आहे.

मर्यादेचा प्रश्न निघाला की सीड्रॅगन या पाणबुडीची हकीकत हमखास सांगितली जाते. ११ सप्टेंबर १९४२ रोजी दक्षिण चीन समुद्रात, पाण्याखाली असताना, व्हीलर लाइप्स या फार्मासिस्ट्स मेटने डॅरेल रेक्टर या १९ वर्षांच्या खलाशाचे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढले. जखम उघडी धरण्यासाठी वाकवलेले चमचे आणि भुलीसाठी ईथर देण्यास चहाची गाळणी वापरली गेली. रेक्टर वाचला आणि काही दिवसांत कामावर रुजू झाला. ही हकीकत धाडसाची म्हणून सांगतात, पण तिच्यातील इतर गोष्टींकडे दुर्लक्ष होते : लाइप्सने पूर्वी रुग्णालयात अशा शस्त्रक्रियांत मदत केली होती, त्याने कप्तानाला आणि रुग्णाला धोका स्पष्ट सांगितला होता, आणि शत्रूच्या ताब्यातील समुद्रात रुग्णाला दुसरीकडे पोहोचवण्याचा मार्ग नव्हता. आज रेडिओवरून डॉक्टरचा सल्ला मिळतो, प्रतिजैविके हाताशी असतात आणि बहुतेक वेळा हेलिकॉप्टर येऊ शकते. आपल्याला काय येत नाही हे वेळेवर सांगणे हेच आजच्या कनिष्ठाचे काम आहे.

औषधांच्या बाबतीत हयगय चालत नाही. मुदत संपत आलेली औषधे वेळीच बदलावी लागतात, आणि मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांचा साठा कुलपात ठेवून त्याची मोजणी विभागाबाहेरच्या अधिकाऱ्यांकरवी नियमितपणे होते. एक गोळीही जुळत नसेल तर ती त्याच दिवशी कळवावी.

सर्वांत अवघड भाग माणसांचा आहे. ज्याची तपासणी सकाळी केली त्याच्याच शेजारी दुपारी जेवायचे आणि रात्री त्याच कक्षात झोपायचे असते. मार्गिकेत थांबवून कोणी पुरळ दाखवतो, कोणी मित्राच्या आजाराची चौकशी करतो. दोघांनाही सौम्यपणे सिक-बेमध्ये बोलवावे, आणि मित्राबद्दल विचारणाऱ्याला काहीही सांगू नये. मानसिक त्रासासाठी आलेल्या नौसैनिकाची माहिती कप्तानालाही सरसकट देता येत नाही. स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा किंवा कामगिरीला बाधा येण्याचा धोका अशा ठरावीक कारणांपुरतीच, आणि आवश्यक तेवढीच ती दिली जाते. घरापासून महिनोन्‌महिने दूर असलेला, झोप अपुरी मिळणारा विशीतला खलाशी प्रथम कोणाकडे मन मोकळे करील, तर तो बहुधा त्याच्याच वयाचा हा सहायक असतो. त्याने ऐकून घ्यावे, आणि जिवाचा धोका दिसला तर त्या माणसाला एकटे न सोडता वरिष्ठाला बोलवावे. खलाशी सहायकाला ‘डॉक’ म्हणून हाक मारतात ती बहुतेक अशाच विश्वासातून.

पहिल्या नेमणुकीच्या काळातच जहाजाच्या सर्व विभागांची माहिती घेऊन ‘सरफेस वॉरफेअर’ची, म्हणजे समुद्रपृष्ठावरील जहाजांच्या युद्धकार्याची, पात्रता मिळवायची असते. पुढे ‘इंडिपेंडंट ड्यूटी’चा अभ्यासक्रम करू इच्छिणाऱ्याला ही पात्रता आणि समुद्रावरील अनुभव दोन्ही उपयोगी पडतात.

भारतीय नौदलात याच स्वरूपाचे काम वैद्यकीय सहायक करतात. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या उमेदवारांतून त्यांची निवड होते. आरंभीचे सैनिकी प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे, तर वैद्यकीय प्रशिक्षण मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात दिले जाते. डॉक्टर नसलेल्या लहान नौकांवर वर वर्णिलेली बहुतेक जबाबदारी याच सहायकांकडे असते.