इंजिन ऑइल का खायचं? तळाच्या रिंगची पार्श्वभूमी

‘इंजिन ऑइल खातंय’ म्हटलं की मेकॅनिकचा पहिला संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर जातो. पण रिंग जन्मली तेव्हा ऑइल अडवणं हे तिचं काम नव्हतंच. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने वाफेच्या इंजिनासाठी चीर दिलेली धातूची रिंग आणली. सिलिंडरपेक्षा थोडी मोठी, दाबून आत बसवलेली. स्वतःच्या ताणानेच ती भिंतीला टेकून राहायची आणि वाफ अडवायची.

पेट्रोल गाडीने तीच रिंग उचलली आणि नवी अडचण उभी राहिली. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद असताना खाली उतरणाऱ्या पिस्टनच्या वर हवा विरळ होते, आणि भिंतीवरचं ऑइल वर खेचलं जातं. मोठा उतार संपवून पुन्हा गाडी रेटली की मागे जळालेल्या ऑइलचा निळा धूर! त्यात ऑइल देण्याची तऱ्हाही ढोबळ होती. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला ऑइल पंप नव्हता. फिरणारे भाग ऑइल उडवतील तेवढंच वंगण. पातळी बघायला डिपस्टिकही नाही, गाडीखाली वाकून दोन छोट्या तोट्या उघडायच्या. चार्ल्स नाइट या अमेरिकनाच्या स्लीव्ह व्हॉल्व्ह इंजिनात तर पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये व्हॉल्व्हचं काम करणाऱ्या दोन सरकत्या नळ्या असत. ते इंजिन अतिशय शांत चाले, म्हणून इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ते घेतलं; पण या नळ्यांना ऑइल भरपूर लागे, आणि धूर ही त्याची ओळखच होऊन बसली.

रिंग नुसती जास्त ताणाची करून भागत नाही, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजतो. खरी युक्ती वेगळी होती, आणि मला ती रिंगच्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते: खरवडलेल्या ऑइलला परतीची वाट द्यायची. तळाच्या रिंगला खाचा पाडल्या, तिच्यामागे पिस्टनला भोकं पाडली; ऑइल पिस्टनच्या आतून पुन्हा इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये. वरच्या रिंगांनी वायू धरायचा, तळाच्या रिंगने ऑइल आवरायचं, अशी कामाची वाटणी झाली.

वरच्यांपैकी एखादीची कडाही किंचित तिरपी घासतात. पिस्टन वर जाताना ती ऑइलच्या थरावरून तरंगते, खाली येताना तो खरवडते. म्हणूनच अशा रिंगवर ‘टॉप’ची खूण असते. ती उलटी बसली, तर नवी कोरी रिंगसुद्धा ऑइल वरच ढकलत राहते.