अ‍ॅपल क्रम्बल आणि अ‍ॅपल क्रिस्प: सगळं लोणी कसं घालता त्यावर

मराठीत अ‍ॅपल क्रम्बलची, म्हणजे सफरचंदांवर मैदा-लोण्याचा चुरा पसरून भाजलेल्या इंग्लिश गोड पदार्थाची, कृती शोधायला गेलं की दहातल्या बहुतेक ठिकाणी क्रिस्पची कृती हाती येते. ओट्स, ब्राऊन शुगर, अक्रोड आणि वरून वितळवलेलं बटर. वाईट नाही, पण ते क्रम्बल नव्हे. घोटाळा नावापुरता असता तर सोडून दिलं असतं. खरी अडचण पुढे होते. घरात ओट्स नाहीत म्हणून कुणीतरी त्याच कृतीत मैदा वाढवतं, बटर मात्र तसंच वितळवून ओततं, आणि ओव्हनमधून तेलकट, जाड पापुद्रा बाहेर येतो. मग 'क्रम्बल काही आपल्याला जमत नाही' असं ठरून जातं. जमतं. फक्त एका पदार्थाचं साहित्य आणि दुसऱ्याची पद्धत एकत्र करू नये.

खालचा भाग दोन्हींत एकच असतो: चिरलेली सफरचंदं, थोडी साखर, हवी तर दालचिनी. क्रिस्प बहुतेकांनी केलेला किंवा खाल्लेला असतो, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात. तो अमेरिकेतला. वरच्या थरात रोल्ड ओट्स भरपूर, ब्राऊन शुगर सढळ, मैदा थोडा. भाजताना साखर वितळून ओट्सना धरून ठेवते आणि गार होताना कडक होते, म्हणून तो कुरकुरीत लागतो. बटर थंड घाला, मऊ घाला की वितळवून घाला, क्रिस्प सगळं सहन करतो, कारण त्याचा आधार साखर आणि ओट्स आहेत. एक तेवढं सांभाळा: पाच मिनिटांत शिजणारे नाश्त्याचे बारीक ओट्स घेऊ नका, त्यांचा लगदा होतो. मोठ्या पाकळीचे घ्या.

'ओट्स असले तर क्रिस्प, नसले तर क्रम्बल' हा नियम सगळीकडे छापलेला दिसतो आणि तो अर्धवट आहे. इंग्लंडमध्ये कितीतरी घरांत क्रम्बलवर मूठभर ओट्स घालतात, तरी त्याला क्रिस्प कुणी म्हणत नाही. अमेरिकेतही ही दोन नावं सर्रास अदलाबदल करून वापरतात. त्यामुळे ओट्स आहेत का, हे बघून काही ठरत नाही. वरचा थर कशाच्या जिवावर उभा आहे ते बघायचं. क्रम्बलमध्ये तो मैदा आणि थंड लोणी (म्हणजे बाजारातलं बटर) यांच्या जिवावर उभा असतो.

मराठी हात नेमका इथे फसतो, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याला मोहन घालणं लहानपणापासून माहीत आहे. शंकरपाळी असो, करंजी असो, चकली असो, तूप किंवा तेल कडकडीत करायचं, पिठावर ओतायचं, चमच्याने ढवळायचं, हाताला सोसेल इतकं झालं की चोळायचं आणि मुटका वळतो का ते बघायचं. ही पद्धत तिथे अगदी बरोबर आहे. साजूक तुपात आणि तेलात पाणी जवळजवळ नसतंच. शिवाय मोहनानंतर आपण त्यात पाणी किंवा दूध घालून पीठ भिजवतो, लाटतो, तळतो. खुसखुशीतपणा पुढच्या सगळ्या पायऱ्यांतून येतो.

बटर म्हणजे तूप नव्हे. बाजारातल्या टेबल बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि पाणी 16 टक्क्यांपर्यंत. म्हणजे 100 ग्रॅम बटरमध्ये साधारण तीन चहाचे चमचे पाणी. बटर थंड असतं तोवर हे पाणी स्निग्धांशात बारीक थेंबांनी अडकून राहतं. वितळवलं की सुटतं. ते मैद्यावर ओतलंत की मैदा भिजतो, चिकट होतो, ढवळाल तसं त्यात ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, तयार होतं, आणि सुटा चुरा होण्याऐवजी गोळा होतो. तो भाजून निघतो तेव्हा वर टणक आणि आत ओलसर. क्रिस्पमध्ये हे झाकून जातं, कारण मैदा कमी आणि ओट्स जास्त. क्रम्बलमध्ये झाकायला काहीच नाही.

थंड लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळलं की उलट घडतं. मैद्याच्या कणाकणाला आधी स्निग्धांशाचा लेप बसतो, पाणी पोचायच्या आत. लोण्याचे न मोडलेले बारीक तुकडे मधे राहतात. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि त्या जागी पोकळी उरते. त्यातून तो रवाळ, तोंडात विरघळणारा खुसखुशीतपणा येतो.

दुसरी फसगत लगेच पुढे आहे. चोळून झालं की मिश्रण कोरडं, भुसभुशीत दिसतं. मोहनाची सवय असलेला हात म्हणतो, आता भिजवायला हवं, आणि दोन चमचे दूध पडतं. क्रम्बलमध्ये पाणी, दूध, अंडं काही घालायचं नाही. एक थेंबही नाही. मळायचं नाही. बेकिंग पावडर आणि सोडा घालणारेही आहेत; वरचा थर फुगवायचा नसतो, त्याची तिथे काही गरज नाही.

मुटक्याची परीक्षा इथेही चालते, पण निकाल वेगळा लागायला हवा. मूठ दाबली की गोळा धरला पाहिजे आणि बोट लावताच सुटला पाहिजे. घट्ट राहिला तर हाताच्या उबेने लोणी वितळायला लागलं आहे. भांडं तसंच फ्रीजरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग काट्याने मोकळं करा.

आपल्याकडे हा धोका जास्त, कारण एप्रिल-मेच्या स्वयंपाकघरात लोणी ओट्यावर पाच मिनिटंही घट्ट राहत नाही. सुरीने तुकडे करण्यापेक्षा फ्रीजमधून काढलेली बटरची वडी मैद्यात घोळवून थेट मैद्यावरच किसणीने किसा. मग चोळायला फार कमी वेळ लागतो. तळव्याने चोळू नका, तळवा गरम असतो. अंगठा आणि पहिली दोन बोटं, मिश्रण वर उचलून खाली सोडत. जाड रव्यासारखं दिसायला लागलं आणि मधेमधे हरभऱ्याएवढ्या गाठी राहिल्या की थांबा. साखर त्यानंतर घाला, चोळताना नव्हे.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: मैदा दोन भाग, लोणी एक, साखर एक. चार-पाच जणांसाठी 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम साखर, खाली 800 ग्रॅम ते 1 किलो सफरचंदं. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. साखर दाणेदार हवी. डेमेरारा, म्हणजे जाड दाण्याची तपकिरी साखर, मिळाली तर उत्तम. पिठीसाखर अजिबात नको. वरचा थर सफरचंदांवर भुरभुरवायचा, दाबायचा नाही. चमच्याने थापून गुळगुळीत केलेलं क्रम्बल बघितलं की मला राहवत नाही. वाफेला वाट मिळाली नाही तर खालून रस चढतो आणि थर भिजतो. 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटं, कडेने रस बुडबुडताना दिसेपर्यंत. ओटीजीत वरचा रॉड पहिल्या अर्ध्या तासात बंद ठेवा.

सफरचंदाचं वेगळं सांगायला हवं, कारण इंग्लिश कृती तशीच्या तशी उचलली की इथेही चव हुकते. तिकडचं क्रम्बल ब्रॅम्ली सफरचंदांचं असतं. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेलला 1809 मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बियांमधून ते झाड आलं, आणि पुढे ते घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचं नाव त्या फळाला मिळालं. ब्रॅम्ली कच्चं खाववत नाही इतकं आंबट, आणि शिजलं की त्याचा हलका, फेसाळ गर होतो. आपल्या बाजारातलं हिमाचलचं रॉयल डिलिशस याच्या बरोबर उलट: गोड, आंबटपणा जवळजवळ नाहीच. त्यावर इंग्लिश कृतीतली वाटीभर साखर ओतलीत तर नुसता गोडमिट्ट प्रकार होतो. डिलिशस वापरायचं तर किलोला दोन मोठे चमचे साखर पुरे आणि एका मोठ्या लिंबाचा रस हवाच. अर्धं डिलिशस, अर्धं हिरवं ग्रॅनी स्मिथ ही माझी आवडती जोडी. शीतगृहातून उन्हाळ्यात येणारी पिठूळ सफरचंदं घेऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर ताज्या मालाचे दिवस, तेव्हा करा. फोडी जाड ठेवा. किसलेल्या सफरचंदाचं क्रम्बल म्हणजे गोड चटणीवर चुरा.

क्रम्बल इंग्लंडमध्ये घरोघरी रुजलं त्याच्या मागे दुसऱ्या महायुद्धातली टंचाई होती. तिथलं रेशनिंग 8 जानेवारी 1940 ला लोणी, साखर आणि बेकन यांच्यापासून सुरू झालं आणि पुरतं संपायला 1954 उजाडलं. लोण्याचा वाटा काही काळ माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमही नाही. 'पाय'ची, म्हणजे पारीत फळं भरून भाजायच्या पदार्थाची, खालची-वरची पारी लाटायला मैदा आणि लोणी दोन्ही जास्त लागतं. फळांवर नुसता चुरा पसरला तर थोडक्यात भागतं. म्हणून काजू, बदाम, मनुका, चॉकलेट असं सगळं कोंबलेलं क्रम्बल मला पटत नाही. मोजक्या वस्तूंतून उभा राहिलेला पदार्थ आहे तो. दालचिनीही चिमूटभरच, नाहीतर सफरचंद लागतच नाही.

कॉब्लर आणि ब्राउन बेटी ही नावं याच रांगेत येतात, पण त्यांच्यात गोंधळायचं कारण नाही. कॉब्लरवर भिजवलेल्या पिठाचे गोळे ठेवतात, बेटीत पावाचा चुरा थरांमधे घालतात. बघताच ओळखू येतात.

क्रिस्पबरोबर व्हॅनिला आइस्क्रीम चांगलं लागतं, कारण कडक ओट्सना गारवा मानवतो. क्रम्बलवर मात्र गरम कस्टर्डच. आइस्क्रीमने वरचं लोणी थिजतं आणि रवाळपणा जिभेला कळत नाही. कस्टर्डसाठी अंडी फेटत बसायची गरज नाही. आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये बर्मिंगहॅमला बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून, आणि इंग्लंडमधल्या असंख्य घरांत क्रम्बलवर तेच कस्टर्ड पडत आलं आहे. आपल्याकडे फ्रूट कस्टर्डसाठी आणलेला कॉर्नफ्लोअरचा पिवळा डबा त्याच जातीचा. डब्यावर लिहिलंय त्याहून पावडर थोडी कमी घ्या म्हणजे ओतता येईल इतपत सैल राहतं, आणि क्रम्बल ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबून मगच वर घाला, म्हणजे खालचा रस बसतो आणि चुरा बुडत नाही.