बांगलादेशची पहिली फुटबॉल टीम: १९७१ ची पार्श्वभूमी

बांगलादेशची फुटबॉल टीम आज आशियातही बरीच मागे आहे, पण तिचं मूळ शोधत गेलं की थेट मुक्तियुद्धात, म्हणजे पाकिस्तानपासून स्वातंत्र्य मिळवण्याच्या लढाईत जाऊन पोचतो. मार्च १९७१ मध्ये ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली, लाखो लोक सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले, त्यात ढाका लीगमधले फुटबॉलपटूही होते. त्यांना गोळा करून कलकत्त्यात स्वाधीन बांगला फुटबॉल दल उभं राहिलं, कॅप्टन झकारिया पिंटू. मॅचेस खेळून युद्धासाठी पैसे जमवायचे आणि लोकांना सांगायचं की आमचा देश वेगळा आहे.

पहिली मॅच जुलैमध्ये नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरला. मैदान खच्चून भरलेलं आणि पोरं अडून बसली, आधी आमचा झेंडा फडकणार आणि आमचं राष्ट्रगीत, आमार सोनार बांगला वाजणार, मगच आम्ही खेळणार. आता भारताने तेव्हा बांगलादेशला मान्यताच दिली नव्हती (ती ६ डिसेंबरला मिळाली), म्हणजे कलेक्टरसाहेबांची केवढी पंचाईत बघा! शेवटी त्यांनी परवानगी दिली. हिरवा झेंडा, मधे लाल गोल, त्यात पिवळा नकाशा, तो घेऊन टीमने मैदानाला फेरी मारली. हे वाचताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. मॅच २-२ सुटली, पण कलेक्टर सस्पेंड झाले आणि नदियाच्या फुटबॉल संघटनेवरही कारवाई झाली. त्यामुळे पुढची मॅच कलकत्त्याचा मोहन बागान क्लब स्वतःच्या नावाने खेळलाच नाही, आपल्या जुन्या नामवंत खेळाडूचं, गोष्ठ पाल एकादश असं नाव लावून उतरला.

टीममधला काझी सलाहुद्दीन तेव्हा जेमतेम सतरा-अठराचा, घरचे ढाक्यातच अडकलेले, त्यांना त्रास नको म्हणून तो तूर्य हाजरा या नावाने खेळायचा. अशा पंधरा-सोळा मॅचेस झाल्या, आपल्या मुंबईतही एक झाली, महाराष्ट्राच्या टीमविरुद्ध, आणि आपल्या बाजूने चक्क क्रिकेटवाले मन्सूर अली खान पतौडी खेळले होते.

डिसेंबरमध्ये देश स्वतंत्र झाला. १९७३ मध्ये मलेशियातल्या मर्डेका स्पर्धेत बांगलादेश पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळला, थायलंडशी, आणि तीही २-२ च. फिफाचं सदस्यत्व यायला १९७६ उजाडलं, पण त्या मर्डेकाच्या टीममध्ये सलाहुद्दीन होता, आता स्वतःच्या नावाने.