खांबाचं बूड: घरामागच्या शेडची जुनी हकिकत

इंदूरच्या सुदामा नगरात, लोकमान्य नगरात किंवा बायपासपलीकडच्या नव्या कॉलन्यांत ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा उरली आहे, त्यांच्यात सध्या एक हौस बळावते आहे. गाडी उभी राहील आणि शेजारी सुतारकामाचं किंवा वेल्डिंगचं टेबल मांडता येईल अशी शेड स्वतःच्या हातानं उभारायची. नमुना बहुतेक वेळा अमेरिकन व्हिडिओंतला असतो. जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यांत लाकडी खांब पुरायचे, खांबांवर कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) चढवायच्या, बाजूंना आणि माथ्यावर पत्रा मारायचा. सलग पाया नाही, विटांची भिंत नाही. या पद्धतीला तिकडे पोस्ट-फ्रेम म्हणतात, जुनं नाव पोल बार्न.

बघताना हे इतकं सोपं वाटतं की माणूस थेट खड्डे खणायलाच निघतो. पण या बांधकामाचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: खांबाच्या बुडाचं काय करायचं? माळव्याच्या काळ्या मातीत या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेहून वेगळं आहे. खड्डा खणण्याआधी हा इतिहास ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं.

इंदूरहून महेश्वरला जाऊन नर्मदा ओलांडली की पैलतीरावर नावडातोली आहे. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं महाराज सयाजीराव विद्यापीठ, दोघांचा त्यात हात होता. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातल्या वस्तीतली गोल आणि चौकोनी घरं तिथे मिळाली. लाकडी खांब जमिनीत रोवलेले, मधे बांबूचे कूड, वरून मातीचा गिलावा. याच माळवा संस्कृतीची माणसं पुढे महाराष्ट्रात उतरली आणि घोडनदीकाठच्या इनामगावात त्यांनी तशीच घरं बांधली. म्हणजे खांब पुरून घर उभं करण्याची रीत माळव्यातून महाराष्ट्रात गेली त्याला साडेतीन हजार वर्षं होत आली.

पुरातत्त्वज्ञांच्या हाती खांब मात्र लागत नाही. लागतो तो खळगा. लाकूड कुजून जातं, त्याच्या जागी वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते आणि खरवडताना जमिनीत तिची गोल वर्तुळं दिसू लागतात. एवढ्या पुराव्यावर अख्खं घर मांडावं लागतं.

लाकूड नेमकं कुठे कुजतं हे इथे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, तशी हवाही लागते. खोल, सतत पाण्याखाली असलेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते टिकतं. जमिनीच्या वरचं लाकूड वाळत राहतं, म्हणून तेही टिकतं. जमिनीच्या पातळीला आणि तिच्याखाली वीत-दीड वीत एवढ्या पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही भरपूर असतात. कुंपणाचा जुना खांब उपटून पाहिला तर तो तिथेच बारीक झालेला, बोटानं टोकरला तर भुसा निघणारा सापडतो. वाळवीही याच वाटेनं चढते. शेतकरी खांबाचं बूड जाळून काळं करतात, डांबर फासतात. त्यानं काही वर्षं मिळतात, इतकंच. जपानात इसे इथल्या देवळाचे खांब आजही थेट जमिनीत पुरतात आणि दर वीस वर्षांनी सगळं देऊळ नव्यानं बांधतात. शेवटचं बांधकाम २०१३ चं आहे.

आपल्याकडच्या सुतारांनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी खांब जमिनीतून वर काढला. मराठी वाड्यात जोत्यावर दगडी तळखडा बसवलेला असतो, त्याला मधोमध खाच, आणि खांबाच्या बुडाला काढलेलं कुसू त्या खाचेत बसतं. लाकडाचा मातीशी संबंधच उरत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंती नंतर भरायच्या. घराचं माप खणांत सांगायचे ते उगीच नाही, कारण दोन खांबांतलं अंतर हेच त्या घराचं गणित होतं. इंदूरचा राजवाडा याच घराण्यातला आहे. मल्हारराव होळकरांच्या काळात सुरू झालेल्या या सात मजली इमारतीचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी तिनं सोसल्या. लाकडी सांगाड्याचं बळ आणि त्याचं भय दोन्ही समजून घ्यायला इंदूरकराला दूर जावं लागत नाही. घरच्या शेडमध्ये ग्राइंडर आणि वेल्डिंग सेट चालवणाऱ्यानं तर हे पक्कं लक्षात ठेवावं.

वाड्याचा खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असूनही हलत नाही, याचं कारण वजन. वर माळवदाची किंवा मजल्यांवरची माती, कवेलूंचं छप्पर, भरलेल्या भिंती. हे सगळं ओझं खांबाला खाली दाबून धरतं. खांबानं फक्त भार पेलायचा. हे सूत्र कोलमडलं ते पत्र्यामुळे.

लंडनच्या गोद्यांत अभियंता असलेल्या हेन्री रॉबिन्सन पामरनं १८२९ मध्ये नाळीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. पातळ पत्र्याला नाळी पाडल्या की तो वाकत नाही, आणि खाली आधार कमी लागतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्ला सोरेलनं लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं आणि पत्र्याला आयुष्य मिळालं. नंतर अख्ख्या जगात रेल्वेच्या शेड, गोदामं, गिरण्या याच पत्र्याखाली उभ्या राहिल्या. इंदूरला रेल्वे आणण्यासाठी तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) १८७० च्या सुमारास इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. पुढे कापडगिरण्या आल्या, १९८० च्या दशकात पीथमपूरचे वाहन कारखाने आले. या शहरात घरी व्हाइस आणि ड्रिल बाळगणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत ती यामुळेच, आणि घरामागची शेड हे त्यांचं साहजिक ठिकाण. मोटारीसाठी वेगळी बांधलेली जागा मात्र आधी संस्थानिकांकडेच असायची. यशवंतराव होळकरांची (दुसरे) १९३० च्या दशकातली ड्यूझेनबर्ग आजही जगभरच्या मोटारशौकिनांना ठाऊक आहे.

पत्र्यानं छप्पर हलकं झालं. मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला साठ किलोच्या पुढे जातं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चार-पाच किलो भरतो, खालच्या पर्लिन (पत्रा ज्यांवर ठोकतात त्या आडव्या पट्ट्या) आणि कैच्या धरल्या तरी साध्या शेडला वीस किलोच्या आतच राहतो. आता वाऱ्याकडे पाहा. इमारतींवरचा वाऱ्याचा भार सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात जवळच्या भोपाळसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. या वेगाच्या वर्गाला ०.६ नं गुणलं की दाब मिळतो: चौरस मीटरला ९०० न्यूटनहून थोडा जास्त, म्हणजे नव्वदेक किलो. शेडची उंची, छपराचा उतार, बाजू उघड्या आहेत की बंद, यांवर खरा आकडा कमी-जास्त होतो. पण वीस आणि नव्वद यांतलं अंतर पुरेसं बोलकं आहे. मे-जूनच्या वादळात वारा शेड वर उचलू पाहतो. खांबाचं काम उलटं झालं: पूर्वी भार पेलायचा, आता छप्पर धरून ठेवायचं. तळखड्यावर नुसता टेकवलेला खांब इथे उपयोगाचा नाही.

अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या ऐन काळात, एच. हॉवर्ड डोन आणि बर्नन पर्किन्स या शेतीव्यवस्थापन करणाऱ्या दोघांनी स्वस्त गोठ्या-गोदामांसाठी हाच विचार केला. तारांच्या खांबांसारखे गोल खांब थेट जमिनीत खोल पुरायचे. पुरलेला खांब वाऱ्याचा आडवा जोर स्वतःच घेतो आणि उचलही धरतो, त्यामुळे वेगळा पाया आणि तिरके टेके वाचतात. पर्किन्सला १९५३ मध्ये याचं पेटंट मिळालं. त्याच दशकात दातेरी पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेल्या लाकडी कैच्या आल्या आणि मधे खांब न घेता चाळीस-साठ फुटांचा गाळा शक्य झाला. गोल खांबांच्या जागी चौकोनी कापलेले खांब आले, आठ ते बारा फुटांवर एकेक. शेतावरची ही पद्धत मग घरच्या गॅरेजपर्यंत पोचली.

मग कुजण्याचं काय? सुरुवातीला क्रिओसोट हे कोळशाच्या डांबरातून निघणारं तेल होतं. ते दाबानं लाकडात मुरवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन बेथेलनं १८३८ मध्येच घेतलं होतं. पण पोल बार्नचा खरा पसारा झाला तो हिरवट झाक असलेल्या, क्षार मुरवलेल्या लाकडावर, आणि ते रसायन देहरादूनचं आहे. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीला रोखतं, आर्सेनिक वाळवीला आणि किड्यांना मारतं, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्यांत पक्कं बांधतं, पावसानं धुऊन जाऊ देत नाही. १९३८ मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. १९७० च्या दशकापासून तिकडे बाहेर वापरायच्या लाकडात याचंच राज्य होतं. आर्सेनिकच्या भीतीमुळे २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद झालं, शेतावरच्या आणि औद्योगिक कामांत मात्र राहिलं. जी पद्धत आपण परदेशी म्हणून पाहतो तिचा पायच एका भारतीय शास्त्रज्ञानं टिकाऊ केला, आणि त्यांचं नाव आपल्या शाळकरी मुलांच्या कानावरही पडत नाही, याची मला खंत वाटते.

आपल्याकडे मात्र लाकूडच मागे पडलं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली, ती २०२० मध्ये उठली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी जंगलतोड थांबली. सागवान सामान्य माणसाच्या शेडसाठी परवडेनासं झालं आणि चौकोनी पोलादी पाइपांनी खांबाची जागा घेतली. आज लोहामंडीतून पाइप आणि सियागंजातून स्क्रू-बोल्ट आणून कुणीही चार दिवसांत सांगाडा उभा करू शकतो. पत्राही बदलला. ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि बाकी मुख्यतः जस्त असा मुलामा १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. आता साध्या जस्ताच्या पत्र्याशेजारी तोही दुकानात मिळतो.

पोलादाला वाळवी लागत नाही. पण गंज धरण्याची जागा तीच आहे, जमिनीच्या पातळीचा पट्टा. काँक्रीटमध्ये थेट रोवलेल्या पाइपाच्या कडेला पाणी साचतं, रंग सुटतो आणि काही पावसाळ्यांत पाइपाला कडं पडल्यासारखी गंजाची रेघ उमटते. वरून शेड धडधाकट दिसते आणि बुडाशी भिंतीची जाडी निम्मी झालेली असते.

आणि मग काळी माती. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजामुळे ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अमेरिकेच्या थंड भागात खांब चार फूट पुरतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे गोठून फुगणाऱ्या थराच्या खाली जावं लागतं. आपल्याकडे जमीन गोठत नाही, पाण्यानं फुगते, आणि खोल काळ्या मातीत ही हालचाल साडेतीन मीटरपर्यंत धरतात. चार फुटांचा खड्डा म्हणजे खांब सगळाच्या सगळा हलत्या मातीत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी बुडाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) विकसित केले. कंदाचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट असतो. हाताच्या ऑगरनं, म्हणजे मातीच्या गिरमिटानं, भोक पाडून ते घरगुती कामातही करता येतात, आणि तो कंद मातीची आणि वाऱ्याची, दोन्ही उचल धरतो.

सुदैवानं इंदुरात पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीचा थर पातळ आहे आणि खाली मुरूम किंवा काळा दगड लागतो. तिथे मुरुमापर्यंत खणून रुंद काँक्रीटचा पाया घ्यावा, त्याचा पेडस्टल (खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा) जमिनीच्या वर निदान वीतभर काढावा, त्यात फाउंडेशन बोल्ट आधीच रोवावेत आणि खांब त्याच्या बुडाला जोडलेल्या पोलादी बेस प्लेटनं त्यावर आवळावा. तळखड्यासारखा मातीपासून उचललेला, पण पोल बार्नसारखा जमिनीला बांधलेला. मला इथल्या जमिनीसाठी हीच रीत सर्वांत योग्य वाटते. पायाचा आकार ठरवताना उचलीचा हिशेब मात्र इंजिनिअरकडून करून घ्यावा, कारण पाया नुसत्या भारावर ठरवला तर हमखास लहान निघतो. प्लॉटवर एमओएस (बांधकामाभोवती सोडायची मोकळी जागा) किती सोडायचं हेही नगर निगमाकडे आधी विचारावं.

फरशीचा विचार वेगळा. गाडीखालची काळी माती काढून मुरूम भरावा, धुमसावा, मग काँक्रीट ओतावं, पण ते पेडस्टलला चिकटू देऊ नये. मधे अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबरी पट्टीनं भरावी. फरशी पावसाळ्यात थोडी हलणारच. ती खांबांना बांधलेली नसेल तर हलून पुन्हा बसते, बांधलेली असेल तर कोपऱ्याकोपऱ्यातून तडकते. आणि छपरावरचं पाणी पन्हाळीतून शेडपासून चार-पाच फूट लांब नेऊन सोडावं, म्हणजे खांबांभोवतीची माती बारा महिने जवळपास सारख्या ओलीत राहते.