आंब्यावर सात महिने

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस अजून पुरता सरलेला नसतो, पण दुपारचं ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. या दिवसांत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गेले की मी दुर्बीण लगेच काढत नाही. एखाद्या जुन्या आंब्याखाली उभी राहते आणि नुसते कान देते. पोपटांचा कलकलाट चालू असतो, सातभाई पाचोळ्यात भांडत असतात, खार ओरडत असते. या सगळ्यातून, अगदी वरच्या पानांमधून, एक बारीक आवाज येतो: 'चिस्ली'. जरा थांबून पुन्हा 'चिस्ली'. तो कानावर पडला की समजायचं, हिरवट पर्णवटवट्या पोचला.

दिसायला मात्र हा पक्षी दमवतो. पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट लांब भुवई, पंखावर जेमतेम दिसेल अशी एक बारीक रेघ. तो एका जागी दोन सेकंदही बसत नाही. पानाच्या खालच्या बाजूला लोंबकळून अळी उचलतो, फांदीच्या टोकाला जातो, पंख झटकतो आणि आपण दुर्बीण नीट धरेपर्यंत पलीकडे गेलेला असतो. मान अवघडून जाते. वजन म्हणाल तर सात-आठ ग्रॅम, आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं. एवढासा जीव चार-पाच हजार किलोमीटर उडून आलेला असतो.

गेल्या वर्षी अशीच मान वर करून उभी होते, तर बाकावरच्या एका आजींनी विचारलं, "काय शोधतेस गं मघापासून?" मी सांगितलं, "आजी, रशियातनं आलेला पक्षी आहे, एवढुसा." त्यांनी थोडा वेळ वर पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहुणा आहे म्हण की. किती दिवस राहील?"

हा 'पाहुणा' शब्द आपल्या तोंडी इतका बसलाय की मीही तो वर्षानुवर्षं वापरला. पण आजींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गेले आणि हिशेब करताना थबकले. हा पर्णवटवट्या मेअखेरीस पूर्व युरोप ते पश्चिम सायबेरिया आणि मध्य आशियाच्या जंगलांत पोचतो. घरटं, अंडी, पिल्लं असं सगळं उरकून ऑगस्टमध्ये निघतो. म्हणजे तिकडे मुक्काम जेमतेम तीन महिन्यांचा. आपल्याकडे तो सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत असतो. सहा-सात महिने! वर्षातला निम्म्याहून अधिक काळ जो आपल्या आंब्यावर काढतो, त्याला पाहुणा कसं म्हणायचं?

तिथून निघण्याचं कारण उघड आहे. हा जवळजवळ संपूर्णपणे किड्यांवर जगणारा पक्षी. सायबेरियातली पानं गळली की त्यांवरच्या अळ्या, मावा, कोळी सगळंच संपतं. आपल्याकडे नेमकं त्याच वेळी पावसाळ्यानंतरचं रान किड्यांनी भरलेलं असतं. वाटेत तिबेटचं पठार आडवं येतं. आपल्याकडे येणारे हिरवट पर्णवटवटे त्याला पश्चिमेकडून वळसा घालून भारतात उतरतात.

प्रवास बहुतेक रात्रीचा. दिवसा झुडपात लुडबुडणारे हे छोटे पक्षी अंधार पडल्यावर उंच उडतात, त्याला कारणं आहेत. रात्रीची हवा थंड आणि स्थिर असते. पंखांचे स्नायू सतत चालताना अंग तापतं, ते थंड राखायला शरीरातलं पाणी कमी खर्ची पडतं. ससाण्यांची भीती कमी. आणि मुख्य म्हणजे दिवस पोट भरायला मोकळा राहतो. निघण्यापूर्वी हे पक्षी भरपूर खाऊन कातडीखाली चरबी साठवतात. लांब वाळवंट किंवा समुद्र ओलांडायचा असेल, तर काही जातींचं वजन जवळपास दुप्पट होतं. रात्रभर ही चरबी जाळायची आणि उजाडता उजाडता जिथे हिरवं दिसेल तिथे उतरायचं.

शहरातल्या बागा याच वेळी मोलाच्या ठरतात. सिमेंटच्या पसाऱ्यात झाडीचा तुकडा आकाशातून ठळक दिसतो आणि आजूबाजूचे सगळे त्यात येऊन पडतात. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क 843 एकरांचं, पण तिथे आतापर्यंत 200च्या वर जातींचे पक्षी नोंदले गेलेत, ते याच कारणाने. एम्प्रेस गार्डन 39 एकरांचं. आकाराची तुलना नको, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये शरदात उतरणाऱ्या बहुतेक वटवट्यांसाठी बाग ही धर्मशाळा असते: दोन दिवस खायचं आणि दक्षिणेला निघायचं. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रवास इथेच संपतो.

मग त्याला हीच बाग, हाच आंबा कसा सापडतो?

याचं अर्धं उत्तर मला पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर मिळालं. सप्टेंबरमध्ये तिथे सातभाईंच्या मागे हिंडणारं चातकाचं पिल्लू पाहिलं होतं. चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, त्यामुळे पिल्लाला वाढवतात सातभाई. ते पिल्लू आकाराने पालकांच्या बरोबरीला आलेलं, तरी पंख थरथरवत चोच वासून बसलं होतं आणि एक सातभाई त्याला नाकतोडा भरवत होता. सातभाई आयुष्यात कधी दूरच्या प्रवासाला जात नाहीत. चातकाचे आई-बाप त्याला वाढवायला कधी थांबलेलेच नव्हते. तरी काही आठवड्यांत ते पिल्लू एकटं आफ्रिकेच्या दिशेने निघणार. म्हणजे दिशा त्याला कुणी शिकवत नाही, ती उपजतच असते. ती पकडून ठेवायला पक्षी सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व वापरतात. 1960च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी पिंजऱ्यातले पक्षी तारांगणात नेले. छतावरचं खोटं आकाश उलटं फिरवलं, तसे पक्षीही उलट दिशेला उड्या मारू लागले.

उरलेलं अर्धं उत्तर एका डच संशोधकाने शोधलं. ए. सी. पर्डेक यांनी हेगजवळ स्थलांतरावर निघालेल्या 11,000हून अधिक स्टार्लिंग पकडल्या. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीची नातेवाईक. प्रत्येकीच्या पायात क्रमांकाची कडी घातली आणि त्यांना विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडलं. 1958 साली त्यांनी निष्कर्ष छापले. ज्या स्टार्लिंगांनी हा प्रवास आधी केला होता, त्या चूक ओळखून वळल्या आणि उत्तर फ्रान्स, दक्षिण इंग्लंड अशा आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे निघाल्या. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मात्र उपजत दिशेनेच उडत राहिली आणि भलत्याच ठिकाणी, थेट स्पेनपर्यंत, पोचली. मला सगळ्यात जास्त भिडतं ते पुढचं. त्यातल्या काही पिल्लांची नोंद पुढच्या हिवाळ्यांतही स्पेनमध्येच झाली. चुकून पोचलेली जागा त्यांनी आपली मानली होती.

म्हणजे पहिल्या वर्षी पक्ष्याला फक्त साधारण दिशा आणि अंतर ठाऊक असतं. ते त्याला दख्खनपर्यंत आणून सोडतं. त्यानंतर कुठली बाग, कुठलं झाड, हे तो स्वतः हुडकतो. तिथला हिवाळा निभावला, तर तो पत्ता डोक्यात पक्का बसतो आणि पुढच्या वर्षी तो 'भारतात' येत नाही, तिथे येतो. ओढ्याकाठी शेपटी खालीवर हलवत फिरणारा करडा धोबी याचं चांगलं उदाहरण आहे. हिवाळ्यासाठी तो दरवर्षी एकाच ठिकाणी, शहरातल्या एखाद्या छोट्या बागेतही, परत येत असल्याच्या नोंदी आहेत.

पर्णवटवट्याचं 'चिस्ली'ही याच्याशी जोडलेलं आहे. तो आवाज गाण्याचा नाही, हद्दीचा आहे. हिवाळ्यात हे पक्षी जोडीने राहत नाहीत. नर असो वा मादी, प्रत्येकाची स्वतंत्र हद्द असते आणि दिवसभर ओरडून ती राखावी लागते. ऑक्टोबरमध्ये हद्दी ठरत असतात, म्हणून भांडणं जोरात असतात. हा महिना त्यांना पाहण्यासाठी मला सगळ्यात आवडतो. एका झाडावरून 'चिस्ली', शेजारच्या झाडावरून लगेच उत्तर, मग दोघांचा पाठलाग. तुम्ही वहीत झाडांचा कच्चा नकाशा काढून रोज आवाजाची जागा टिपलीत, तर दोन-तीन आठवड्यांत कुणाचं घर कुठपर्यंत ते दिसू लागतं. महागडा कॅमेरा लागत नाही.

हिवाळ्याला येणारा पर्णवटवट्या एकटाच नाही. लाल छातीचा माशीमार जरा खालच्या फांद्यांवर असतो. शेपटी झटकन वर करतो तेव्हा मुळाशी दोन पांढरे ठिपके चमकतात, आणि 'टर्रर्र' असा सुकी शेंग हलवल्यासारखा आवाज करतो. तोही पूर्व युरोपाकडचा.

ब्लिथचा वेळू वटवट्या मात्र दिसण्यापेक्षा ऐकायचा पक्षी. दाट झुडपाच्या पोटातून 'टक, टक' येतं, तो हा. फिनलंडपासून सायबेरियापर्यंत पिल्लं वाढवणारी ही जात हिवाळ्याला जवळपास सगळीच्या सगळी भारतीय उपखंडात येते. फिनलंडहून आफ्रिकेला जाणारे पक्षी पुष्कळ, हा मात्र आग्नेयेकडे वळतो. ही जात पूर्वेकडून हळूहळू पश्चिमेला पसरत गेली आणि जुनी वाट तिने सोडली नाही, असं शास्त्रज्ञ मानतात.

त्याच्याबद्दल लिहिताना मला एक बाग आठवते. नाव घेत नाही. तिच्या कुंपणाला करवंद आणि घाणेरीची गच्च जाळी होती आणि सलग चार हिवाळे तिच्यातून 'टक, टक' ऐकू यायची. एका सप्टेंबरात स्वच्छतेच्या नावाखाली ती जाळी मुळापासून काढली, हिरवळ लावली, दिवे बसवले. बाग छान दिसते, असं सगळे म्हणाले. ऑक्टोबरमध्ये मी तीन सकाळी तिथे जाऊन बसले. झुडूपच नव्हतं, आवाज कुठून येणार? तो पक्षी तोच होता की दरवर्षी वेगळा, हे कडी घातल्याशिवाय सांगता येत नाही. पण तोच असला, तर फिनलंड किंवा रशियाकडून निघून, रात्रींमागून रात्री उडून तो त्याच कोपऱ्यात उतरला असेल आणि तिथे त्याला दिव्याचा खांब दिसला असेल. ते मला अजून सलतं. खरं तर बागेचा एक कोपरा न झाडलेला, न कापलेला ठेवायला काहीच खर्च येत नाही. पाचोळा राहिला तर किडे राहतात, किडे राहिले तर हे राहतात.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा बागांमधून बऱ्याच फेऱ्या निघतात. तोवर हद्दी ठरून गेलेल्या असतात, आवाज थोडा मंदावलेला असतो. शक्य झालं तर महिनाभर आधी, उजाडताना एकदा जाऊन या.

त्या आजी नंतरही भेटत राहिल्या. जानेवारीत आंबा मोहोरला, मोहोरावर माश्या-किड्यांची झुंबड उडाली, तेव्हा आमचा वटवट्या दिवसभर त्यातच असायचा. मार्चमध्ये बाग कोरडी पडली, किडे आटले. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने 'चिस्ली' सोडून वेगळंच काही सुरू केलं: भराभर, उंच, तुटक स्वरांचं छोटंसं गाणं. सायबेरियात जोडीदारासाठी म्हणायचं गाणं तो निघण्याआधी इथेच म्हणून पाहत होता. आजींनी बाकावर बसल्या बसल्या ते ऐकलं. चार-पाच दिवसांनी सकाळी आम्ही दोघी आंब्याखाली बराच वेळ थांबलो. वरून काही आवाज आला नाही. फांद्यांना कैऱ्या लागल्या होत्या.