जावई कळेना म्हणून...

गेल्या गणपतीत भाचीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वभाव-चाचणीची लिंक टाकली आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत सगळ्यांची चार-चार अक्षरं येऊन पडली. मेव्हण्यांच्या शेवटी ‘जे’ आलं, म्हणजे आखीवरेखीव माणूस. त्याला चाचणी कशाला हवी? घरातून निघताना ते गॅसचा नॉब दोनदा बघतात, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. माझं अक्षर ‘पी’. पंगत बसायच्या वेळी मी केळीची पानं आणायला धावत होते, त्यामुळे तेही कुणाला नवीन नव्हतं.

ही अक्षरं मुळात ‘मायर्स-ब्रिग्ज’ या स्वभाव-प्रश्नावलीतली. त्यांचा उगमसुद्धा असाच घरगुती आहे, आणि त्याला कारण झाला एक जावई.

अमेरिकेतल्या कॅथरीन कुक ब्रिग्ज यांनी आपली मुलगी इझाबेल हिला बरंचसं घरीच शिकवलं. पुढे स्वार्थमोर कॉलेजात इझाबेलचं क्लॅरन्स मायर्सशी जमलं. त्याला सगळे ‘चीफ’ म्हणत. सासूबाईंना मुलगा आवडला, पण तो त्यांना उलगडेना. मायलेकी कल्पनेत रमणाऱ्या. हा व्यवहारी, तर्काने चालणारा, तपशिलाला पक्का. मग कॅथरीनबाईंनी थोरामोठ्यांची चरित्रं वाचून माणसांचे चार गट पाडले: चिंतन करणारे, उत्स्फूर्त, कारभारी आणि माणसांत रमणारे. इझाबेल आणि चीफचं लग्न १९१८ मध्ये झालं.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांचा स्वभावप्रकारांवरचा जर्मन ग्रंथ १९२१ चा. त्याचं मूळही एका दुराव्यात आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉईड यांच्याशी युंगचं बिनसलं होतं, त्याआधी फ्रॉईडचे सहकारी आडलर यांचंही. एकच रोगी बघून फ्रॉईड आणि आडलर इतकं वेगळं कसं बोलतात, या कोड्यातून युंग अंतर्मुख-बहिर्मुख या जोडीपर्यंत आले. याच ग्रंथात ते उपनिषदांतल्या द्वंद्वकल्पनेकडेही वळतात. १९२३ मध्ये इंग्रजी भाषांतर कॅथरीनबाईंच्या हाती पडलं, आणि आपली मांडणी बाजूला ठेवून त्या युंगच्या मागे गेल्या. १९२६ मध्ये ‘द न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकात त्यांनी सर्वसामान्यांसाठी यावर लेखही लिहिला.

प्रश्नावली आली ती दुसऱ्या महायुद्धात. माणसाला त्याच्या स्वभावाला मानवेल असं काम मिळावं, एवढा इझाबेलचा साधा हेतू. ती राज्यशास्त्राची पदवीधर. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींचंही नव्हतं. युंगच्या तीन जोड्यांना (अंतर्मुख ‘आय’ की बहिर्मुख ‘ई’, तपशील ‘एस’ की कल्पना ‘एन’, विचार ‘टी’ की भावना ‘एफ’) मायलेकींनी चौथी, आखीव ‘जे’ की ऐनवेळची ‘पी’, अशी स्वतंत्र जोडी दिली, म्हणून सोळा प्रकार झाले. १९६२ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या अमेरिकेतल्या परीक्षा-संस्थेने ही प्रश्नावली संशोधनासाठी प्रसिद्ध केली, १९७५ मध्ये ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि मग कचेऱ्यांतून जगभर पसरली.

सोळा म्हटल्यावर चरकसंहिता आठवल्याशिवाय राहत नाही. तिच्या शारीरस्थानात सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस असे मनाचे प्रकार सांगितले आहेत. बेरीज सोळाच! दोन्हींचा संबंध काही नाही. व्हॉट्सॲपवर ‘हे आपल्याकडून नेलं’ असं फिरायच्या आत एवढं सांगून ठेवते.

प्रश्नावलीवरचे आक्षेप मात्र खरे आहेत. बरेच लोक मधोमध असतात. एकाच बाजूला ५१ टक्के आणि ४९ टक्के झुकणाऱ्या दोघांना ती वेगवेगळ्या खोल्यांत बसवते. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. संशोधक म्हणूनच स्वभावाचे पाच पैलू मोजणाऱ्या ‘बिग फाइव्ह’ मोजपट्टीला जास्त मान देतात. विचार की भावना, या जोडीचे गुण तर कित्येक वर्षं बायकांचे आणि पुरुषांचे वेगवेगळ्या हिशेबाने काढले जात. नोकरभरतीसाठी ही वापरू नका, असं तिचे प्रकाशकच सांगतात. भाचीने पाठवली ती तर मूळ प्रश्नावलीही नव्हती. चार अक्षरांनंतर ‘ए’ किंवा ‘टी’ असं पाचवं शेपूट दिसलं की ती वेगळ्या लोकांची फुकट चाचणी समजावी.

तरी घरात तिचा उपयोग होतो, असं मला वाटतं. मेव्हण्यांना मी आता ‘किती चिकित्सक’ म्हणत नाही, ‘जे’ म्हणते, आणि तेही हसतात. हसल्यामुळे भांडण दोन वाक्यं आधी थांबतं.

इझाबेलने जोडप्यांचाही अभ्यास केला होता. १९४० च्या दशकात तपासलेल्या ३७५ जोडप्यांत विरोधापेक्षा सारखेपणाच जास्त निघाला. चारपैकी तीन अक्षरं जुळणारी जोडपी सगळ्यांत जास्त होती. खुद्द तिची अक्षरं आय-एन-एफ-पी आणि चीफची आय-एस-टी-जे. जुळत होतं ते फक्त पहिलं.